कट, कार्ड आणि कमाई : गोल्फच्या हंगामाविषयी वाचकांचे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांतून गोल्फविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रे या वेळी घेतली आहेत. ज्या पत्रांत तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत होता, त्यांचे उत्तर एकत्र दिले आहे.

वर्तमानपत्रात क्रीडापानाच्या कोपऱ्यात कधीतरी पीजीटीआयची बातमी येते. दर आठवड्याला जिंकणारा वेगळा. मग वर्षाचा विजेता कसा ठरतो? क्रिकेटसारखी साखळी आणि बाद फेरी असते का?
— एक माध्यमिक शिक्षक, खानापूर

साखळी नाही आणि बाद फेरीही नाही. प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजेच पीजीटीआय, २००६ पासून देशातल्या पुरुष व्यावसायिकांचा दौरा चालवते. दौऱ्यातली प्रत्येक स्पर्धा स्वतंत्र असते. चार दिवस, रोज १८ होल, एकूण ७२ होल. बहुतेक स्पर्धा मंगळवारी सुरू होऊन शुक्रवारी संपतात. इथे कोणी कोणाला समोरासमोर हरवत नाही. सगळे एकाच कोर्सवर खेळतात आणि चार दिवसांत ज्याचे फटके सर्वांत कमी, तो जिंकतो. पहिल्या जागेसाठी बरोबरी झाली तर प्लेऑफ होतो. तेच खेळाडू पुन्हा एक होल खेळतात आणि जो मागे पडेल तो बाहेर. दुसऱ्या जागेपासून खाली मात्र बरोबरी सोडवत नाहीत, पैसे वाटून देतात.

मंगळवारी शंभर-सव्वाशे खेळाडू सुरुवात करतात. दोन दिवसांचे ३६ होल झाले की कट लागतो. पहिले ५० आणि पन्नासाव्या जागेवर बरोबरीत असलेले सगळे पुढचे दोन दिवस खेळतात, बाकीच्यांनी बॅगा भरायच्या. समजा ४४ खेळाडूंचे फटके पारपेक्षा (म्हणजे कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) एकने जास्त किंवा त्याहून कमी आहेत आणि त्यांच्या मागचे ११ जण पार अधिक दोनवर आहेत. मग ते अकराही आत येतात आणि कट अधिक दोनवर लागला असे म्हणतात. अधिक तीनवाला एका फटक्याने घरी जातो, आणि कट हुकलेल्याला बक्षिसातला एक रुपयाही मिळत नाही. प्रवास, हॉटेल, कॅडी (बॅग वाहणारा मदतनीस), प्रवेश फी हा सगळा खर्च मात्र त्याचा झालेला असतो.

वर्षाचा विजेता ठरतो तो ऑर्डर ऑफ मेरिटवरून. नाव भारदस्त असले तरी हा कमाईचा खातेउतारा आहे : हंगामभर ज्याने बक्षिसांतून जास्त रुपये मिळवले, तो वर. एक कोटी रुपयांच्या स्पर्धेत विजेत्याला १५ लाख मिळतात आणि तिथून खाली रक्कम झपाट्याने उतरत जाते. बरोबरीच्या वाटणीचे उदाहरण घ्या. समजा एखाद्या स्पर्धेत तिसऱ्या जागेला सहा लाख, चौथ्याला चार आणि पाचव्याला तीन लाख ठरलेले आहेत, आणि तिसऱ्या जागेवर तिघे बरोबरीत आहेत. तिन्ही रकमांची बेरीज १३ लाख, भागिले तीन, म्हणजे प्रत्येकी ४,३३,३३३ रुपये. शेवटच्या होलवर चार फुटांचा पट (चेंडू घरंगळवत होलमध्ये घालायचा फटका) हुकला तर नुसता एक फटका वाढत नाही, खेळाडू अशा एका वाटणीतून दुसऱ्या वाटणीत घसरतो. शुक्रवारी दुपारी खालच्या जागांवरचे खेळाडूही इतके गंभीर का असतात, ते यावरून कळेल.

हंगामाचा आकार हवामान ठरवते. साधारण फेब्रुवारीत सुरुवात होते, उन्हाळा तापला की खेळ मंदावतो, पावसाळ्यात मोठी सुटी आणि ऑगस्ट-सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत दुसरी फळी. पावसाळ्यात कोर्स नुसता ओला असतो एवढेच कारण नाही. वीज कडाडण्याची शक्यता दिसली की खेळ तात्काळ थांबवावा लागतो, आणि चार दिवसांची स्पर्धा वेळेत संपत नाही. उत्तरेत डिसेंबर-जानेवारीत धुके हीच अडचण करते. सकाळचे गट दोन-दोन तास थांबून राहतात आणि अंधार पडल्यावर अर्धी राहिलेली फेरी दुसऱ्या दिवशी पहाटे पुरी करावी लागते. गेल्या काही वर्षांत हंगामाचा शेवट जमशेदपूरला, बेल्डी आणि गोलमुरी या कोर्सवर, टाटा स्टील टूर चॅम्पियनशिपने झालेला आहे.

पहिल्या क्रमांकाला पैशांपलीकडचेही बक्षीस आहे. २०२२ च्या हंगामापासून ऑर्डर ऑफ मेरिटच्या विजेत्याला पुढच्या वर्षीचे डीपी वर्ल्ड टूरचे, म्हणजे युरोपातल्या मुख्य दौऱ्याचे कार्ड, अर्थात तिथे खेळण्याचा परवाना, मिळतो. २०२२ मध्ये मनू गंडास, २०२३ मध्ये ओम प्रकाश चौहान आणि २०२४ मध्ये वीर अहलावत या वाटेने तिकडे गेले. अहलावतची त्या वर्षीची कमाई दीड कोटींच्या वर होती. मात्र दौऱ्यावरच्या बहुसंख्य खेळाडूंचे लक्ष पहिल्या नंबरावर नसते. साठाव्या नंबराच्या आत राहिले की पुढच्या वर्षीचे पूर्ण कार्ड टिकते. बाहेर पडले की पुन्हा पात्रता फेरी. नोव्हेंबरमध्ये छप्पन्न ते पासष्ट या नंबरांमध्ये जे चालते ते जेतेपदाच्या शर्यतीपेक्षा चुरशीचे असते, आणि त्याची बातमी मात्र कुठेच येत नाही.

२०२५ पासून आयजीपीएल नावाची दुसरी मालिकाही देशात सुरू झाली आहे. तिचा हिशेब आणि तिचे नियम वेगळे आहेत. बातमी वाचताना स्पर्धा कोणत्या दौऱ्याची आहे ते आधी पाहा, नाहीतर आकडे जुळणार नाहीत.

निकालात "टी-१४", "१२-अंडर", "डब्ल्यूडी", "डीक्यू" असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ काय?
— एक वाचक, निपाणी

टी म्हणजे बरोबरी. चौदाव्या जागेवर चौघे असतील तर चौघांपुढे टी-१४ लिहितात आणि पुढचा थेट अठरावा येतो. १२-अंडर म्हणजे चार फेऱ्यांच्या एकूण पारपेक्षा बारा फटके कमी. कोर्सचा पार ७२ असेल तर चार दिवसांचा पार २८८, म्हणून त्याचे फटके २७६. डब्ल्यूडी म्हणजे खेळाडूने स्वतः माघार घेतली. डीक्यू म्हणजे तो बाद ठरला. याचे एक नेहमीचे कारण स्कोअरकार्ड. एखाद्या होलवर पाच फटके झाले असताना कार्डावर चार लिहून सही करून दिली, तर खेळाडू बाद होतो. उलट पाचाऐवजी सहा लिहिले तर शिक्षा नाही, पण ते सहाच धरले जातात. टी-ऑफच्या, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या, वेळेला उशीर झाला तर पाच मिनिटांच्या आत दोन फटक्यांचा दंड, त्यापुढे बाद. बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) सापडले तर ज्या होलवर ते जवळ होते अशा प्रत्येक होलला दोन फटके, पण फेरीत एकूण चाराच्या वर नाहीत.

माझा मुलगा पुण्यात एका गोल्फ क्लबवर कॅडी आहे. वय १९. आता स्वतःही चांगला खेळतो, हँडिकॅप शून्यावर आला आहे म्हणतो. व्यावसायिक व्हायचे त्याच्या मनात आहे. आम्ही शेतकरी माणसे, काय करावे लागेल आणि पैसे किती बुडतील, ते स्पष्ट सांगा.
— एक वडील, बेळगाव तालुका

कॅडी असणे ही उणीव समजू नका. भारतातले कितीतरी नामवंत व्यावसायिक कोर्सच्या आतून आलेले आहेत. बिडदीजवळच्या ईगलटन कोर्सच्या शेजारच्या खेड्यात वाढलेला एस. चिक्करंगप्पा हे आपल्याच राज्यातले उदाहरण. बाबासाहेबांच्या जन्मामुळे आपल्याला ठाऊक असलेले महू हे छावणीचे गाव. मुकेश कुमार आणि वर उल्लेख आलेला ओम प्रकाश चौहान दोघेही तिथले. मुकेश कुमारने २०१६ मध्ये वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी एशियन टूरवरची स्पर्धा जिंकली. तेव्हा एकोणीस हे वय उशिराचे नाही.

आता हँडिकॅप शून्य याचा नेमका अर्थ समजून घ्या, कारण इथेच घरोघर गैरसमज होतो. हँडिकॅप म्हणजे खेळाडू पारच्या किती जवळ खेळू शकतो याचा आकडा, पण तो सरासरी स्कोअर नव्हे. शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वांत चांगल्या आठ फेऱ्यांवरून तो काढतात. उरलेल्या बारा वाईट फेऱ्या त्यात दिसतच नाहीत. त्यामुळे शून्य हँडिकॅपचा खेळाडू रोजच्या खेळात पारपेक्षा दोन-तीन फटके वर असतो. कट मात्र दोन सलग दिवसांवर लागतो, आठ निवडक दिवसांवर नाही. मुलाला वीस फेऱ्यांची यादी लिहून काढायला सांगा, एकही न वगळता, सर्वांत मागच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) आणि प्रत्येक पट पुरा करून. मित्रांनी "राहू दे, गिव्हन" म्हटलेला पट मोजायचा नाही असे करू नये. त्या वीसही फेऱ्यांची सरासरी पारच्या आसपास असेल आणि हँडिकॅप अधिक दोन किंवा त्याहून चांगला असेल (गोल्फमध्ये अधिक म्हणजे शून्याच्याही पलीकडचा), तरच पात्रता फेरीचा विचार करावा. त्याआधी नाही.

वाट अशी आहे. आधी हौशी खेळाडू म्हणून राज्य पातळीवरच्या आणि इंडियन गोल्फ युनियनच्या स्पर्धा खेळायच्या. हौशी असताना रोख बक्षिसाची मर्यादा ७०० पौंडांची आहे. ती ओलांडली किंवा व्यावसायिक म्हणून स्पर्धेत उतरले की हौशी दर्जा जातो आणि तो परत मिळवायला अर्ज करून थांबावे लागते. म्हणून घाईने कुठल्यातरी छोट्या स्पर्धेचे पैसे घेऊन दर्जा घालवू नये. मग पीजीटीआयचे क्वालिफाइंग स्कूल, ज्याला सगळे क्यू-स्कूल म्हणतात. ते हंगामाच्या तोंडावर होते. आधी प्राथमिक टप्पा, त्यातून निवडलेले अंतिम टप्प्यात, आणि तिथे चार फेऱ्यांनंतर साधारण पहिल्या तिसेक जणांना कार्ड. कार्ड नाही मिळाले तरी खालच्या पायरीचा, आता नेक्सजेन नावाने ओळखला जाणारा दौरा आहे. बक्षीस कमी, पण स्पर्धेचे दडपण खरे. एकोणीस वर्षांच्या मुलाने एक वर्ष तिथे काढले तर ते वाया गेले असे मुळीच नाही.

पैशांचा हिशेब असा मांडा. एका स्पर्धेचा आठवडा म्हणजे सहा रात्री, कारण सरावाची फेरी खेळण्यासाठी रविवारीच पोहोचावे लागते. प्रवेश फी, प्रवास, राहणे, जेवण, कॅडीचे पैसे आणि चेंडू-हातमोजे, अशा सहा ओळी कागदावर लिहा. दोघांनी खोली वाटून घेतली तर राहण्याचा खर्च अर्धा. कॅडीला आठवड्याची ठरलेली रक्कम आणि वर कमाईतला वाटा द्यायची प्रथा आहे, तोही धरा. आता ही बेरीज हंगामातल्या स्पर्धांच्या संख्येने गुणा आणि उत्पन्नाच्या बाजूला शून्य लिहा. पहिल्या वर्षाची तयारी या आकड्यावर करायची. कट निघाला तर आठवड्याचा खर्च भागतो, काठावर निघाला तर हाती फारसे उरत नाही. एवढे पैसे कर्ज न काढता, जमीन गहाण न ठेवता उभे राहत असतील तर जरूर पुढे जा. नसतील तर मुलाने कॅडीचे काम सांभाळून हौशी स्पर्धा खेळाव्यात. खेळ त्याच्याकडेच राहतो, वर्ष दोन वर्षांनी कोणी नेत नाही.

खेळाबद्दल एकच सांगतो. दौऱ्यावरचे खेळाडूही १८ पैकी साधारण बाराच ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेल्या गवताची जागा) ठरल्या फटक्यांत गाठतात. उरलेल्या सहा होलवर चिप (ग्रीनबाहेरून छोटा उचललेला फटका) मारून एकाच पटमध्ये संपवता आले तर कट, नाही तर घर. तुमचा मुलगा लांब मारतो हे कोणीही सांगेल. त्याला विचारा, चुकलेल्या दहा ग्रीनपैकी किती वेळा पार वाचला? उत्तर पाचाच्या खाली असेल तर ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) बाजूला ठेवून महिनाभर ग्रीनभोवतीच सराव करावा.

आणखी एक बारकावा उंचीचा. पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे, बेंगळुरू नऊशेच्या वर. उंचावर हवा विरळ, म्हणून चेंडू लांब जातो. दर हजार फुटांना साधारण एक टक्क्याचा फरक धरतात. बेंगळुरूला १५० यार्ड जाणारा सात नंबरच्या क्लबचा फटका कोलकात्याला चार-पाच यार्ड आखूड पडतो. नवा खेळाडू पहिल्या दोन दिवसांत समोरच्या बंकरमध्येच (वाळूच्या खड्ड्यात) अडकत राहतो, त्याचे कारण पुष्कळदा एवढेच असते. सरावफेरीत प्रत्येक क्लबचे अंतर नव्याने लिहून घ्यावे.

जांबोटी रस्त्याला आमचे शेत आहे, तांबडी माती. पोराच्या सरावासाठी एक गुंठ्यात हरळी लावून पटिंग ग्रीन केले. पावसात पाणी तुंबून चिखल झाला, उन्हाळ्यात दगडासारखे टणक. कुठे चुकले?
— एक शेतकरी, खानापूर तालुका

चूक गवतात नाही, मातीत आहे. तुमच्याकडच्या जांभ्याच्या मातीत बारीक चिकण भरपूर असते. रोज पायांनी आणि यंत्राने तुडवली की तिच्यातली पोकळी मिटते. मग पावसाळ्यात पाणी खाली जात नाही आणि उन्हाळ्यात मुळे खाली जात नाहीत. ग्रीन मातीवर नाही, वाळूवर करायचे असते. उसाच्या रानातला निकस-कसदार हा विचार इथे बाजूला ठेवा.

एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. आधी सगळी जागा एक फूट खोल काढा आणि तळाला एका बाजूस उतार द्या. तळात चर खणा : मधून एक मुख्य चर, त्याला दोन्ही बाजूंनी तिरके फाटे, दोन फाट्यांतले अंतर १५ फुटांच्या आत. चर सहा इंच रुंद, आठ इंच खोल. त्यात चार इंची भोके पाडलेला पाइप आणि भोवती सहा ते दहा मिमीची बारीक खडी. बांधकामाची २० मिमी खडी वापरू नका, वाळू तिच्या फटींतून खाली ओघळते आणि वर्षभरात पाइप बुजतो. पाइपला शंभर फुटांना किमान सहा इंच उतार हवा आणि त्याचे तोंड उघड्या ओढ्यात किंवा चरात निघाले पाहिजे. तोंड बंद असेल तर बाकी सगळी मेहनत फुकट.

मोठ्या कोर्सवर या तळावर सगळीकडे चार इंच खडीचा थर देतात, त्याला तुमच्या गुंठ्यात साडेतीन ब्रासच्या वर खडी लागेल. घरच्या सरावासाठी तो थर गाळला तरी चालतो. फक्त चरांत खडी भरा आणि तळावर थेट १२ इंच वाळू टाका. ही वाळू दबल्यावर अकरा ब्रासच्या आसपास बसते, म्हणून आणताना साडेबारा ब्रास धरा. एवढे झेपत नसेल तर अर्धाच गुंठा करा, पण खोली कमी करू नका. सहा इंच वाळूवरचे ग्रीन एप्रिलमध्ये जळते.

वाळू कोणती, यावर सगळे अवलंबून आहे. बहुतांश कण पाव ते एक मिमीचे हवेत. हल्ली मिळणारी एम-सँड न धुता वापरली तर तिच्यातली दगडाची भुकटी पाण्याने घट्ट बसते आणि खाली पुन्हा फरशीच तयार होते. काचेच्या बरणीत तीन भाग पाणी, एक भाग वाळू घालून हलवा आणि एक तास ठेवा. वर बसलेला गाळाचा थर एकूण वाळूच्या विसाव्या हिश्श्यापेक्षा जाड दिसला तर ती वाळू घेऊ नका, किंवा धुऊन घ्या. वरच्या चार इंचांत चांगले कुजलेले, चाळलेले खत दहा भागांस एक या प्रमाणात मिसळा. कच्चे शेणखत नको, त्यातून हुमणी आणि तण दोन्ही येतात.

हरळी म्हणजे बर्म्युडाच. टिफड्वार्फ, टिफईगल या तिच्याच संकरित बुटक्या जाती, त्या तीन-चार मिमीपर्यंत कापता येतात. साधी हरळी दहा मिमीच्या खाली आणली की विरळ होते, त्यावर चेंडू उड्या मारत जातो. म्हणून रोपवाटिकेतून संकरित जातीच्या काड्या आणाव्यात. लागण फेब्रुवारी-मार्चमध्ये करा. आठ-दहा आठवड्यांत जागा भरते आणि जूनपूर्वी मुळे धरतात. जूनमध्ये लावलेल्या काड्या तुमच्याकडच्या पहिल्या मोठ्या सरीत वाहून जातील. उन्हाळ्यात रोज पाच मिमी पाणी, म्हणजे गुंठ्याला पाचशे लिटर, पहाटे द्यायचे. संध्याकाळी दिलेले पाणी रात्रभर पातीवर राहते आणि बुरशी धरते. युरिया महिन्याला एक किलो पुरे, दोन हप्त्यांत, टाकून लगेच पाणी. पावसाळ्यात युरिया थांबवा. हिरवेगार दिसावे म्हणून जुलैत टाकला की गोल करडे डाग पडायला वेळ लागत नाही.

कापणीला रीळवाले यंत्रच हवे. फिरत्या पात्याचे यंत्र पात फाडते. सुरुवात १२ मिमीने करून हळूहळू पाचवर या. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कधी कापू नका. दर तीन आठवड्यांनी तीच वाळू अगदी पातळ, दोन मिमी, पसरून झाडूने आत घाला.

होल १०८ मिमीचे. ११० मिमी पीव्हीसी पाइपचा तुकडा ठोकला तर आतून जरा लहान पडतो, सरावाला ते चांगलेच. त्याची कड पृष्ठभागाखाली किमान एक इंच राहू द्या. होलभोवती तीन फूट जागेत उतार शंभराला तीनपेक्षा जास्त नको. स्पर्धेतल्यासारखा वेग घरी येणार नाही आणि त्याची गरजही नाही. मुलाने होलभोवती आठ फुटांवर आठ खुणा कराव्यात आणि रोज त्या पूर्ण कराव्यात. अमेरिकेच्या पीजीए टूरवरचे खेळाडूही आठ फुटांवरून निम्मेच पट घालतात. आठांत चार ही पातळी महिनाभर टिकली तर ग्रीन सार्थकी लागले.

उद्यमबागेत आमची छोटी फाउंड्री आहे, सीआय आणि थोडे स्टील कास्टिंग करतो. गोल्फ क्लबची डोकी इथे बनवता येतील का?
— एक उद्योजक, बेळगाव

वाळूच्या साच्यात नाही. आयर्नचे (धातूच्या चपट्या डोक्याच्या क्लबचे) डोके २४० ते ३०० ग्रॅमच्या दरम्यान असते आणि प्रत्येक पुढचा क्लब आधीच्यापेक्षा सुमारे सात ग्रॅम जड असावा लागतो. एका संचात दोन ग्रॅमचा फरकही हाताला कळतो. म्हणून ही डोकी मेणाचा नमुना, त्यावर सिरॅमिकचे कवच, मेण वितळवून काढणे आणि मग ओतणे अशा इन्व्हेस्टमेंट कास्टिंगने होतात, बहुधा १७-४ स्टेनलेसमध्ये. दुसरी पद्धत १०२० किंवा १०२५ कार्बन स्टील फोर्ज करून निकेल-क्रोम चढवण्याची. त्याहून अवघड भाग चेहऱ्यावरच्या खाचांचा. नियमाने खाच ०.९ मिमीपेक्षा रुंद आणि ०.५ मिमीपेक्षा खोल चालत नाही, कडेच्या गोलाईलाही मर्यादा आहे. त्यात न बसणारा क्लब कुठल्याही स्पर्धेत चालणार नाही.

तुमच्या हाती आजच येण्यासारखे काम वेगळे आहे. क्लबचा लॉफ्ट (चेहऱ्याचा मागे झुकलेला कोन) आणि लाय (दांड्याचा जमिनीशी कोन) वाकवून जुळवण्याचे यंत्र म्हणजे एक भक्कम व्हाइस, कोनमापी आणि होजलमध्ये (डोक्यातल्या दांडा बसण्याच्या नळीत) बसणारी लिव्हर. उद्यमबागेतला कोणताही चांगला फिटर ते बनवू शकतो. वाकवायला कार्बन स्टीलची फोर्ज्ड डोकी सोपी. कडक केलेले १७-४ अडून बसते आणि होजलच्या मानेपाशी तडकते. दोन अंशांपलीकडे कोणतेच डोके वाकवू नये. लगतच्या दोन क्लबमध्ये लॉफ्टचा फरक चार अंशांच्या आसपास असतो, तेव्हा दोन अंश चुकले की अर्ध्या क्लबचे, पाच-सहा यार्डांचे अंतर बिघडले. सोबत शाफ्ट (दांडा) आणि ग्रिप (मूठ) बदलण्याचे काम जोडा. आयर्नचे समांतर शाफ्ट ०.३७० इंचाचे, निमुळते ०.३५५ चे. हे मापल्याशिवाय शाफ्ट मागवला की तो होजलमध्ये एकतर हलतो नाहीतर बसतच नाही. जुना शाफ्ट काढताना डोके हळू तापवावे. नवा बसवताना टोक खरवडून, पुसून इपॉक्सी लावावे आणि २४ तास हात लावू नये. डोके उडून जाण्याचे प्रकार या घाईतूनच होतात.

एखादी स्पर्धा प्रत्यक्ष पाहायची आहे. बेळगावहून कुठे जावे आणि कधी?
— दोघे मित्र, शहापूर, बेळगाव

पुणे, बेंगळुरू आणि म्हैसूर या तिन्ही ठिकाणी पीजीटीआयच्या स्पर्धा झालेल्या आहेत. पुणे सर्वांत जवळचे, रेल्वेही थेट. बेंगळुरूला राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने संध्याकाळी निघून सकाळी पोहोचता येते. दौऱ्याचे वेळापत्रक हंगामात बदलते, म्हणून तिकीट काढण्याआधी तारखा आणि प्रेक्षकांच्या प्रवेशाविषयी क्लबकडे चौकशी करा. काही क्लब छावणीच्या हद्दीत आहेत, तिथे ओळखपत्र लागते.

एकच दिवस जाणार असाल तर शेवटच्या दिवसाच्या मोहात न पडता दुसरा दिवस निवडा, मंगळवारी सुरू झालेल्या स्पर्धेचा बुधवार. सकाळी आठपासून सरावाच्या जागेवर उभे राहा, क्लब कसा बदलतात आणि प्रत्येक क्लबने किती चेंडू मारतात ते पाहा. दुपारी फलकावर कटच्या रेषेच्या दोन फटके आत-बाहेर असलेला एक गट शोधा आणि त्याच्याबरोबर शेवटचे सहा होल चाला. पायात टाच नसलेले बूट, डोक्यावर टोपी, मोबाइल पूर्ण बंद. खेळाडू चेंडूजवळ उभा राहिला की जागेवरच थांबा, विशेषतः त्याच्या नजरेच्या रेषेत आणि पटच्या रेषेच्या मागे उभे राहू नका. "फोर" अशी आरोळी आली तर वर बघू नका, डोके हातांनी झाकून खाली वाका. एक लांब भोंगा वाजला तर तो विजेचा इशारा आहे. झाडाखाली न थांबता सरळ क्लबहाउस गाठा. दोन छोटे भोंगे वाजले की खेळ पुन्हा सुरू.